फ्रेंच गाडीला मुशीचं तेल

ईशान, तू मागच्या आठवड्यात फोनवर पाठवलेली जाहिरात मी चष्मा पुसून तीनदा वाचली. पूर्ण दुरुस्त केलेली जुनी फ्रेंच गाडी, पुढे दोघांची बैठक, मागे सामानासाठी लाकडी हौदा, विकणे आहे. खाली तू लिहिलंस, "आजी, तू सांगतेस ती अशीच होती का?" हो, अशीच होती. फक्त आमच्या गाडीचा हौदा होडी बांधतात तसा बांधलेला होता, आणि तिची जाहिरात म्हणजे मी चौदा कलमांत लिहिलेलं एक इंग्रजी पत्र होतं. तुला आणि ताराला त्या गाडीच्या हसण्यासारख्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्या आहेत. ती वेळेवर विकली का गेली नाही, ते कधी सांगितलं नाही. बोलताना मी तिथं आलं की वळसा घेते. लिहिताना तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. पुढे चार खांबांवर पत्र्याचं छप्पर, ते बाबांचं गॅरेज. मागे दोन खोल्या आणि पडवी. घर जागं व्हायचं ते बाबांच्या हातोडीनं, आणि दुपारी पत्रा तापला की छप्पर आपोआप कडकड वाजायचं, जणू वर कुणी चालतंय. लांबून मालगाडीचा आवाज आला की आई हातातलं काम थांबवून ती जाईपर्यंत गप्प बसायची, कारण त्या आवाजात बाबांनी मारलेली हाक ऐकू यायची नाही, आणि हाक मारली की लगेच ओ द्यावी लागे. पडवीत दोरीवर बोंबील वाळत असायचे. जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि कैरी घालून केलेलं सुक्या जवळ्याचं कालवण. त्या कालवणाची फोडणी पडली की रस्त्यावरून सायकलनं जाणारा माणूससुद्धा मान वळवायचा. मी मुंबईला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. तो बाबांचा हट्ट. सुट्टीत घरी आले की पहिलं काम गॅरेजातली हत्यारं लावायची. मी एका फळीवर पाने मापाप्रमाणे लहानापासून मोठ्यापर्यंत खिळ्यांना टांगले होते, आणि प्रत्येकाची आकृती मागे काळ्या रंगानं काढून ठेवली होती. सुरुवातीला ती माझी हौस होती. नंतर त्या फळीची बाबांना गरज पडू लागली, कारण ते पाने डोळ्यांनी शोधत नव्हते, बोटांनी मोजत होते.

त्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असं म्हणत वर्ष घालवलं आणि शेवटी कळलं की तो काचबिंदू होता. आता डाव्यातही तेच सुरू झालं होतं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणायचे. बाजूनं कुणी आलेलं कळायचं नाही. समोरचं दिसायचं, पण नळीतून बघितल्यासारखं. पालघरच्या डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून सांगितलं, कारण घरात शिकलेली मीच. ते म्हणाले, "मुली, मुंबईच्या सर्जनांनी जूनमधली तारीख दिली आहे. ती चुकवू नका. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. पावसाळा संपल्यावर बघू म्हणालात, तर बघायला काही उरणार नाही." शस्त्रक्रिया आणि मुंबईतलं राहणं, याला लागणारे पैसे आमच्याकडे एकाच रूपात होते. ते रूप गॅरेजात चार चाकांवर उभं होतं.

ती गाडी बाबांना चिंचणीकडच्या एका बंगल्यातून मिळाली होती. मालक वाडी मोडून कायमचा जाणार होता आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. नाकावरचा बिल्ला केव्हाच गळून पडलेला. फ्रान्सची एवढंच मालकाला ठाऊक. आधी तिच्यातून चिकू स्टेशनला जायचे. बाबांनी ती बैलगाडीला बांधून आणली तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "आली मडम! आता हिला न्हाऊमाखू घाला." तेव्हापासून ती मडमच. तीन वर्षं बाबा रोज दुपारनंतर तिच्याशी झटत होते. तिचा सुटा भाग कुठंच मिळत नसे, म्हणून ते बोईसरच्या एका लेथवाल्याकडे बसून एकेक भाग कातून घ्यायचे. हौद्याचं लाकूड मात्र वाळवीनं खाल्लेलं होतं, आणि ते काम बाबांना येण्यासारखं नव्हतं. ते पोशादादानं केलं.

पोशादादा दातिवऱ्याचा होड्या बांधणारा सुतार. बाबा त्याच्या गावातल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, तिथली ही दोस्ती. बुटका, रुंद छातीचा, कानावर पेन्सिल अडकवलेला. मासवणकडून त्यानं स्वतः सागाच्या फळ्या निवडून आणल्या, जाळावर वाकवल्या, आणि फटींत राळेत भिजवलेला कापूस ठोकला. झाल्यावर म्हणाला, "घाला पाणी. थेंब गळला तर माजं नाव बदला." खरंच आम्ही सहा घागरी पाणी ओतलं आणि ते तसंच्या तसं राहिलं. बाबा म्हणाले, "अरे पोशा, गाडी हाय ही! पाऊस आला तर हिच्यात मासे पोहतील." मग त्यानं तोंड वाकडं करत, जणू स्वतःच्या पोराला भोकं पाडतोय अशा चेहऱ्यानं, तळाला चार भोकं पाडली. ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. तारा तर यावर अजून हसते.

मुंबईच्या एका जुन्या मोटारींच्या शौकीन गृहस्थांचा पत्ता लेथवाल्यानं दिला. बाबांनी मला वही घेऊन समोर बसवलं. ते सांगत होते, मी इंग्रजीत लिहीत होते, आकडे घालून, समास सोडून. काय नवं आहे, काय जुनंच आहे, कुठल्या दाराला आतून ठिगळ आहे, सगळं सांगितलं. मी म्हटलं, "बाबा, ठिगळाचं कशाला लिहायचं?" ते म्हणाले, "बघेल तेव्हा दिसेलच ना? मग आपण सांगितलेलं बरं." शेवटचं कलम त्यांनी दोनदा वाचून घेतलं. "हिच्यातून मासळी कधीच वाहिलेली नाय. नीट लिही. मासळी वाहिली की मिठाचं पाणी झिरपतं आणि पत्रा आतून खातं. समुद्राकाठची गाडी म्हटली की गिऱ्हाईक आधी तेच बघतं." ते चौदावं कलम. त्यातलं इंग्रजी वाक्य मला इतकं आवडलं होतं की अजून पाठ आहे. पंधरा दिवसांत टाइप केलेलं उत्तर आलं. किंमत मान्य होती. गाडी वर्णनाप्रमाणे असली तर त्याच दिवशी पैसे देऊन नेईन, रविवारी सकाळी येतो. बाबांनी ते पत्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिलं.

शनिवारी बाबा आणि मी बॅटरी आणायला बोईसरला गेलो होतो. परतताना वळणावरच मला वास आला. तो वास तुम्हांला कसा सांगू? मुशी नावाचा मोठा मासा असतो, त्याच्या काळजाचं तेल काढतात. होडीचं लाकूड खाऱ्या पाण्यात टिकावं म्हणून ते चोपडतात. वर्षभर डब्यात मुरलेलं ते तेल मे महिन्याच्या उन्हात तापलं की हवा जड होते. पोशादादा हौद्यात गुडघ्यांवर बसून फडक्यानं शेवटच्या फळीला तेल जिरवत होता. हात कोपरांपर्यंत काळे, चेहरा आनंदानं फुललेला. हौदा असा चकाकत होता की त्यात छपराचे खांब दिसत होते.

"शेवटचा हात!" तो ओरडला. "उद्या मडम सासरी चालली, तिला कोरडी कशी पाठवू? घरचं तेल हाय. तीन डबे जिरलं."

दातिवऱ्याच्या सुतारांची ती रीत होती. होडी पुरी झाली की पाण्यात लोटण्याआधी सुतारानं आपल्या घरचं तेल आपल्या हातानं लावायचं. त्याची मजुरी नसते. मालकानं फक्त हात लावून बघायचं आणि 'जिरलं' म्हणायचं. लावलेलं ते तेल पुसून काढणं म्हणजे होडीचं आणि सुताराचं, दोघांचं वाईट चिंतणं. बाबांनी फळीवरून तळवा फिरवला, नाकाला लावला, आणि म्हणाले, "जिरलं रे पोशा. अस्सल हाय." आई चहा घेऊन आली. "नव्या होडीवानी दिसते, नाय गो बाय?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "छान दिसते."

इथं थोडं मागे जायला हवं. वसतिगृहातल्या माझ्या पहिल्या वर्षी आईनं ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये सुक्या बोंबलांची पुडी ठेवली होती. ट्रंक उघडल्यावर खोलीतल्या मुलींनी नाकाला रुमाल लावले, आणि सहा महिने मला एक नाव पडलं होतं जे मी इथंही लिहिणार नाही. तेव्हापासून मला दोन नाकं झाली. एका नाकाला घरचे वास येतच नसत; ते मी आईसाठी सांभाळलं होतं. दुसरं मुंबईचं, ते सगळं हुंगायचं. घरी असताना हे दुसरं नाक आपल्याला आहे, हे कुणाला कळू द्यायचं नाही, अशी मी शपथ घेतली होती. आई फोडणी घालत असताना मी कधी खिडकी उघडली नाही. त्या संध्याकाळी गॅरेजात चौघंजण उभे होतो आणि तिघांना तो वास नव्या होडीचा, शुभ, घरचा वाटत होता. उद्या येणाऱ्या माणसाला तो कशाचा वाटेल, हे फक्त मला कळत होतं. चौदावं कलम मीच लिहिलं होतं.

सकाळी लवकर उठून मी चुलीवर पाणी तापवलं. फडताळातून धुण्याच्या सोड्याचा डबा काढला. ऊन पाणी, सोडा, काथ्या; दोन तास घासलं असतं तर निम्मा वास गेला असता. मी डबा घेऊन गॅरेजाच्या दारापर्यंत गेले. पोशादादा मडमेची पाठवणी बघायला मुक्कामाला राहिला होता आणि अगदी गाडीच्या बाजूला चटई टाकून झोपला होता. त्याचे हात अजून काळेच होते. मी बाबांना हाक मारू शकले असते. 'बाबा, हा वास त्या लोकांना चालणार नाही,' एवढं एक वाक्य. ते म्हणायचं म्हणजे मला वास येतो हे म्हणायचं. मी डबा परत जागेवर ठेवला, त्यावरची नावाची चिठ्ठी समोर येईल असा. तापवलेल्या पाण्यानं अंघोळ केली.

गृहस्थ आले. पांढरे केस, पायांत कॅनव्हासचे बूट, बरोबर पत्नी आणि ड्रायव्हर. गाडी पाहताच त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला, हे मला स्पष्ट आठवतं. बाबांनी हँडल मारलं आणि पहिल्याच फटक्याला इंजिन सुरू झालं. ते इतकं मऊ चालत होतं की वरच्या झाकणावर ठेवलेला पाण्याचा पेला नुसता शहारत होता. गृहस्थांनी टाळी वाजवली. मग ते मागे गेले, हौद्याचा मागचा फळका खाली पाडला, आणि आत वाकले. आधी त्यांच्या पत्नीनं पदर नाकाला लावला. ड्रायव्हर हौद्यात डोकावून मोठ्यानं म्हणाला, "साहब, ये तो मच्छी की गाडी है! देखो ना, पानी निकलने के लिए छेद भी बनाए हैं।"

भोकं. ती भोकं माझ्या लक्षातच आली नव्हती.

गृहस्थ सरळ उभे राहिले. पत्नीकडे वळून इंग्रजीत म्हणाले की यांनी हिच्यातून वर्षानुवर्षं मासळी वाहिली आहे आणि आपल्याला लेखी खोटं कळवलं आहे. वरून तेल फासलं म्हणजे वास झाकेल असं वाटलं असेल. आवाज चढवला नाही. वाईट वाटल्यासारखं म्हणाले, आणि तेच जास्त लागलं. बाबा हातात हँडल धरून आवाजाच्या दिशेनं हसत उभे होते. पोशादादा अभिमानानं फळीवर थापटत होता. सगळ्या आवारात ते वाक्य समजलेली, आणि त्याला त्याच भाषेत उत्तर देऊ शकणारी, मी एकटी. होडीला लावतात तसं हे तेल आहे, कालच लावलं आहे, या माणसानं प्रेमानं लावलं आहे, भोकं अशासाठी आहेत. चार वाक्यं. त्यासाठीच मला शिकवलं होतं. मी तोंड उघडलं, आणि त्या बाईंच्या नाकावरचा पदर पाहिला, आणि माझ्या तोंडून अत्यंत शुद्ध इंग्रजीत निघालं की आपण थोडा चहा घ्याल का.

त्यांनी चहा घेतला नाही. मोटार वळली, धूळ उडाली. आईनं सोलून ठेवलेले ताडगोळे ताटात तसेच पाणी सोडत राहिले.

"काय म्हणाले गो?" बाबांनी विचारलं.

पोशादादा माझ्याकडे बघत होता. आई पदराला हात पुसत होती.

"विचार करून कळवतो म्हणाले."

"गाडी आवडली ना?"

"इंजिन फार आवडलं."

"मग कळवतील," बाबा म्हणाले, आणि हँडल फळीवरच्या त्याच्या जागी बोटांनी चाचपून टांगलं.

तारखेला तेव्हा जेमतेम तीन आठवडे होते. बाबा रोज पोस्टमनच्या सायकलची घंटा ओळखायला शिकले. तो यायच्या आधीच ओट्यावर येऊन बसायचे. "मुंबईचं काय?" "नाय बाबा, आज नाय." मी रोज ठरवायचे की आज सांगीन, आणि रोज मला वाटायचं की उद्या कदाचित खरंच पत्र येईल. खोट्याची एक गंमत असते. ते सांगणाऱ्यालाच आधी खरं वाटू लागतं. मी त्या गृहस्थांना पत्रही लिहायला घेतलं. चार मसुदे केले. चौथा चांगला उतरला होता. तो मी वहीत ठेवला आणि पोस्टात टाकला नाही, कारण त्यात तेलाबद्दल लिहावं लागत होतं, आणि त्याला उत्तर आलं की बाबांशी खोटं बोलल्याचं उघड होणार होतं.

आठवडाभरात सालवडहून एक मुकादम आला. साताऱ्याकडचा माणूस. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि त्याला कामगारांचे जेवणाचे डबे पोहोचवायला गाडी हवी होती. त्यानं मडमेभोवती एक फेरी मारली, हौद्यात नाक घालून म्हणाला, "वास मारतुया की जरा. पर डब्याला काय हुतंय, झाकनं असत्यात." किंमत थोडी कमी सांगितली, पण शस्त्रक्रियेला पुरली असती. बयाण्याच्या नोटा त्यानं खिशातून काढून हातातच धरल्या होत्या.

"मालक, आजच ठरवा. पुन्यांदा यायला मला सवड न्हाई."

बाबा म्हणाले, "मुंबईच्या साहेबांनी कळवतो म्हणून सांगितलंय. त्यांचा शब्द आधी. त्यांचं उत्तर येईस्तोवर दुसऱ्याला कसं देऊ?"

"अवो, शब्द त्येनी दिला की तुमी?"

"त्यांनी कळवतो म्हटलं, मी बरं म्हटलं. झाला की शब्द."

मुकादम माझ्याकडे वळला. "ताई, तुमी शिकलेल्या दिसताय. सांगा की जरा तुमच्या बापाला."

मी त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तांब्या भरलेला होता आणि माझ्या हाताला त्याचा गारवा लागत होता. मी म्हटलं, "बाबा म्हणतात ते बरोबर आहे." आजही, साठ वर्षांनी, भांडी घासताना गार तांब्या हाताला लागला की मला ते वाक्य ऐकू येतं. मुकादमानं नोटा खिशात घातल्या, पाणी प्यायला, आणि गेला. त्यानं बोईसरला दुसरा टेंपो घेतल्याचं पुढं कळलं.

तारीख आली आणि गेली. त्या दिवशी बाबांनी मला सकाळी विचारलं, "आज ना?" मी म्हटलं, "हो." मग ते दिवसभर मडमेच्या दिव्यांच्या पितळी कडा घासत बसले. शाळा सुरू झाली आणि मी मुंबईला गेले. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून पत्रं शेजारी लिहायचे: घरी सर्व कुशल, बाबांना आता दिव्याभोवतीचं कडं दिसत नाही. ते वाचून मी क्षणभर आनंदले होते. मग कळलं की दिवाच दिसत नाही.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि पोशादादाच्या बायकोनं, देवकूवहिनीनं, मडम घेतली. ती दातिवऱ्याची मासळी पालघरच्या बाजारात विकायची. गॅरेजात येऊन तिनं हौद्याखाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "भोकं पन हायेत. बर्फाचं पानी जाईल. भावोजी, ही तर आमच्यासाठीच बांधलेली!" पैसे आले. दिवाळीच्या आधी बाबांना मुंबईला नेलं. सर्जनांनी तपासलं, पट्टी न बांधताच परत पाठवलं, आणि मला बाहेर बोलावून फक्त एवढंच विचारलं, "जूनमध्ये का आला नाहीत?" त्यांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. इंग्रजीत दिलं, हे आठवतं.

बाबांनी पोशादादाला अंधारात गाडी चालवायला शिकवलं, असं ते स्वतःच विनोदानं म्हणायचे. अंधार त्यांचा, दिवस पोशादादाचा. ते शेजारी बसून कानानं शिकवायचे. पुढं रोज सकाळी मडम मासळी घेऊन घरावरून जायची. बाबा ओट्यावर बसून ऐकायचे आणि ओरडायचे, "पोशा, तिसरा प्लग बदल!" आणि तो बरोबर तिसराच असायचा.

पुढच्या मे महिन्यात मी घरी होते. पोशादादा मडमेला तेल लावायला आमच्याच गॅरेजात घेऊन आला. आता दरवर्षी लावणार होता. पुढच्या बाजूला दिव्यांच्या कडा पुसत तो आईला सांगत होता, "माज्या तेलानं लाकूड कसं राहिलंय बगा वयनी. त्या मुंबईवाल्याचं नशीबच नाय." बाबा हौद्यात बसून चाचपत फळ्या घासत होते. मला म्हणाले, "बाय, ये. तू पन हात लाव." मी फडकं घेतलं आणि त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. वास होताच. मी फळी घासू लागले.

मग ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "तो साहेब कळवतो म्हणालाच नव्हता, नाय?"

माझा हात थांबला. त्यांचा थांबला नाही.

"नव्हता."

"मग काय म्हणाला?"

"तो म्हणाला, तुम्ही हिच्यातून मासळी वाहिलीत, आणि खोटं लिहून कळवलंत. तेलाच्या वासामुळं, बाबा. या तेलाच्या–"

त्यांचा तेलकट हात अंदाजानं आला आणि माझ्या तोंडावर बसला.

"हळू बोल," ते म्हणाले. "पोशाला ऐकू जाईल."